राजाला हिशेब कोणी विचारला?



आज आपण लांबच्या मुलखात जाणार आहोत, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपात. पण निघायचे आपल्या बैठकीतूनच.

आम्ही समन्वयक म्हणून ज्या गावांत फिरतो, त्यातल्या एका गटाची ही गोष्ट. नाव सांगत नाही. गट जुना, हप्ते वेळेवर, बँकेत पत चांगली. दोन वर्षांपासून वही लिहिणारी ताई एकच. एका बैठकीत एक बाई म्हणाली, "माझं पान मला दाखवा." सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या. मग कोणीतरी बोलले, "का गं, विश्वास नाही का आमच्यावर?" आम्ही तिथेच होतो. वाद वाढायला नको म्हणून आम्हीच म्हणालो, "ताई, नंतर बघू." ती बसली. पुढच्या बैठकीला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर वही तपासली, तेव्हा तिचे तीन हप्ते दुसरीच्याच पानावर चढलेले निघाले. चोरी नव्हती, चूक होती. पण तिचे विचारणे बरोबर होते, आणि तिला गप्प बसवणारे आम्ही होतो.

हे मनाला लागून राहिले. आमच्यातल्या काहींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता. फ्रान्सची राज्यक्रांती आम्ही मार्कांपुरती पाठ केली होती. आता ती पुस्तके पुन्हा काढली आणि वाटले, अरे, ही तर "वही दाखवा" म्हणण्याचीच गोष्ट आहे. ती आज तुम्हाला सांगतो.

फ्रान्समध्ये लुई चौदावा नावाचा राजा होऊन गेला. १६४३ साली गादीवर बसला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता, आणि १७१५ साली मरेपर्यंत, म्हणजे ७२ वर्षे, तोच राजा. पॅरिसजवळ व्हर्साय येथे त्याने प्रचंड राजवाडा वाढवला. राजाला देवाने नेमले आहे, तेव्हा राजाने फक्त देवाला जाब द्यायचा, माणसांना नाही, असे त्या काळी शिकवत. यालाच अनियंत्रित राजेशाही म्हणतात. कायदा राजाचा, सैन्य राजाचे, कर राजाचा, तुरुंगही राजाचा. त्याच्या सहीच्या एका चिठ्ठीवर माणसाला खटल्याशिवाय कोंडून ठेवता येई.

राजाच्या हातात देवाची शक्ती आहे, याचा पुरावा म्हणून एक प्रथा होती. गंडमाळ झालेले, म्हणजे मानेला गाठी आलेले रोगी राजासमोर ओळीने बसवत. राजा एकेकाला हात लावी आणि देव तुला बरे करतो, अशा अर्थाचे शब्द म्हणे. फ्रान्स आणि इंग्लंड दोन्हीकडे शेकडो वर्षे हे चालले होते. लांबून, पायी, लेकरे पाठीशी बांधून माणसे येत. आपण त्यांना हसायचे कारण नाही. दुखण्याने टेकीला आलेला माणूस आपल्याकडेही दहा दारे हिंडतोच.

आता असे म्हणणाऱ्याला "कशावरून?" असे कोण विचारणार? हा प्रश्न राजाला थेट कोणी विचारला नाही. तो आधी आभाळाला विचारला गेला.

इटलीत गॅलिलिओ नावाचा गणिताचा शिक्षक होता. दूरचे जवळ दाखवणारी नळी निघाल्याचे त्याच्या कानावर आले, तेव्हा १६०९ साली त्याने स्वतः भिंगे घासून तशी दुर्बीण बनवली आणि आभाळाकडे लावली. १६१० च्या जानेवारीत त्याला गुरू ग्रहाभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते, असे तेव्हाचे विद्वान आणि धर्मगुरू सांगत होते. इथे तर चार गोळे भलत्याच्याच भोवती फिरत होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे कोपर्निकसने १५४३ सालीच लिहून ठेवले होते. गॅलिलिओने त्या बाजूने पुरावे मांडले. १६३२ साली त्याने जे पुस्तक काढले, ते पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता बाजारात बोलल्या जाणाऱ्या इटालियन भाषेत लिहिले. १६३३ साली रोममध्ये धर्मपीठाने त्याच्यावर खटला चालवला, गुडघ्यावर बसवून म्हणणे मागे घ्यायला लावले आणि मरेपर्यंत घरात नजरकैदेत ठेवले. १६४२ साली तो गेला. पण दुर्बीण काही परत नेता येत नव्हती. ज्याला शंका असेल त्याने डोळा लावून बघावे, एवढी सोपी गोष्ट होती.

एक सांगून ठेवतो. गॅलिलिओ देव मानणारा होता. पुढे येणारा न्यूटनही देव मानणारा होता. त्यांचे म्हणणे एवढेच, की कोणी मोठा माणूस म्हणाला म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही. ती पाहावी, मोजावी, लिहावी, आणि दुसऱ्यानेही ताडून बघावी. लंडनमध्ये १६६० साली अभ्यासकांची एक संस्था निघाली, रॉयल सोसायटी. तिने आपले ब्रीदच असे घेतले की कोणाच्याही नुसत्या शब्दावर जाऊ नये.

न्यूटनने १६८७ साली दाखवून दिले की झाडावरून पडणारे फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमाने चालतात. आभाळाला एक कायदा आणि जमिनीला दुसरा, असे नाही. याच नियमाने त्याचा मित्र हॅली याने धूमकेतूंचा हिशेब मांडला. धूमकेतू म्हणजे आपले शेंडेनक्षत्र. ते दिसले की राजा मरणार, लढाई होणार, दुष्काळ पडणार, असे आपल्याकडे म्हणत, तसे तिकडेही म्हणत. हॅली म्हणाला, १६८२ साली दिसलेला धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. तो स्वतः १७४२ सालीच वारला.

तो परत नेमका केव्हा येणार, याचे गणित पॅरिसमध्ये तिघांनी केले. क्लेरो आणि लालांद हे दोन पुरुष, आणि तिसरी निकोल-रेन लपोत ही बाई. घड्याळे बनवणाऱ्या कारागिराची ती बायको. सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवणाच्या टेबलावरसुद्धा, ती आकडेमोड करत होती. त्यांनी जाहीर केले की एप्रिल १७५९ च्या मध्यावर तो सूर्याच्या सगळ्यात जवळ येईल, महिनाभर मागेपुढे होऊ शकते. तो तिथे पोहोचला १३ मार्चला. आणि परत येताना तो सगळ्यात आधी कोणाला दिसला? जर्मनीतल्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला, २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री. शेती सांभाळून तो आभाळाचा अभ्यास करी.

मैत्रिणींनो, यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. धूमकेतू राजासाठी आला नाही, नियमाने आला. आणि गणित करणाऱ्यांनी आमची चूक होऊ शकते, आणि किती होऊ शकते, तेही आधी सांगितले. राजा असे कधी म्हणत नव्हता. लपोतबाईंचे पुढे काय झाले? क्लेरोने आपल्या पुस्तकातून त्यांचे नाव वगळले. लालांदने मात्र त्यांचे श्रेय लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे.

आभाळाकडून आता माणसाच्या अंगाकडे येऊ. ज्या रोगाला आपण देवी म्हणतो, तो तेव्हा युरोपात दरवर्षी लाखोंचा जीव घेई. मेरी माँटेग्यू नावाची इंग्रज बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे तुर्कस्तानात राहत होती. तिचा स्वतःचा चेहरा देवीने व्रणांनी भरलेला, भाऊ देवीने गेलेला. तिथल्या म्हाताऱ्या बायका देवीच्या फोडातली लस निरोगी मुलांना टोचतात आणि त्या मुलांना थोडासा ताप येऊन पुढे देवी येत नाहीत, हे तिने पाहिले. १७१८ साली तिने आपल्या मुलाला टोचून घेतले आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीला. डॉक्टर आणि पाद्री खवळले. तेव्हा रॉयल सोसायटीच्या चिटणीसाने गावोगावचे आकडे मागवून तक्ता मांडला. आपोआप देवी आलेल्यांत पाच-सहांतला एक मरत होता. टोचलेल्यांत पन्नासांतला एक. धोका होताच, पण तो किती, हे आता वहीत दिसत होते.

१७७४ च्या मे महिन्यात फ्रान्सचा राजा लुई पंधरावा देवीच्या रोगानेच मेला. ज्याच्या हाताने गंडमाळ बरी होते म्हणत, त्याला देवीपासून कोणी वाचवू शकले नाही. त्याने टोचून घेतलेले नव्हते. गादीवर आलेल्या त्याच्या नातवाने, लुई सोळाव्याने, महिना-दीड महिन्यातच भावांसकट टोचून घेतले. पुढच्या वर्षी राज्याभिषेकानंतर याच राजाने जुन्या रिवाजाप्रमाणे गंडमाळीच्या सुमारे २४०० रोग्यांना हात लावला. पण म्हणायचे शब्द एव्हाना बदललेले होते. पूर्वी देव तुला बरे करतो असे ठाम सांगत. आता देव तुला बरे करो, अशी नुसती प्रार्थना उरली होती. शिवाय नंतर बरे झालेल्यांचे दाखले जमवले गेले. ते मिळाले पाच. राजाच्या हातालाही आता दाखला लागू लागला, हे केवढे मोठे झाले!

ज्या लोकांनी आभाळाला "कशावरून?" विचारले, त्यांचीच पुढची पिढी राज्यकारभाराला तेच विचारू लागली. इंग्लंडमध्ये १६८९ साली ठरले होते की संसदेच्या संमतीशिवाय राजाने कर बसवायचा नाही. त्याच काळात जॉन लॉक याने लिहिले की राज्य लोकांच्या संमतीवर उभे असते. राजाने विश्वासघात केला, तर लोक त्याला हटवू शकतात. फ्रान्सचा लेखक व्होल्तेर एका सरदाराशी भांडण झाल्यामुळे मार खाऊन, तुरुंग पाहून इंग्लंडला गेला. तिथले कायदे आणि न्यूटनचे विज्ञान यांवर त्याने पुस्तक लिहिले. १७३४ साली पॅरिसच्या न्यायालयाने ते जाळायला लावले. अटक टाळायला त्याने एमिली द्यु शातले या विदुषीच्या घरी आसरा घेतला. न्यूटनचा अवघड ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला तो याच एमिलीबाईंनी. पोट वाढलेले, वय ४२, आपण बाळंतपणातून उठू की नाही याची धास्ती, म्हणून रात्र-रात्र जागून त्यांनी काम पुरे केले. १७४९ साली मुलगी झाली आणि आठवड्याभरात त्या गेल्या. सबंध ग्रंथ छापून निघाला तो १७५९ साली, धूमकेतू परतला त्याच वर्षी.

माँतेस्क्यू याने १७४८ साली मांडले की कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा एकच असला तर माणसाला स्वातंत्र्य उरत नाही. रोकड जिच्याकडे, वही तिच्याकडे आणि तपासणीही तिच्याकडेच, असे आपण गटात करत नाही, ते याच कारणाने. मग १७५१ पासून दिदरो आणि दालांबेर यांनी ज्ञानकोश काढला. दिदरो चाकू-सुऱ्या बनवणाऱ्याचा मुलगा. कोशात त्याने पंडितांच्या विद्येशेजारी टाचणी कशी बनते, काच कशी फुगवतात, तेही चित्रांसह छापले. दुसऱ्यावर हुकूम चालवण्याचा हक्क कोणी जन्मतः घेऊन येत नाही, असेही त्यात लिहिले. सरकारने १७५९ साली कोशाचा परवाना काढून घेतला. तरी काम गुपचूप चालू राहिले आणि मजकुराचे १७ खंड निघाले. त्याला पैशाचा मोठा टेकू दिला तो मादाम जॉफ्रँ या पॅरिसच्या विधवेने.

पण नुसत्या पुस्तकांनी राज्य हलत नाही. ते हलले भाकरीमुळे आणि कर्जामुळे.

फ्रान्समध्ये सरदार आणि धर्मगुरू यांना जमिनीवरचा मुख्य कर माफ. भार सगळा शेतकऱ्यावर. मिठावरसुद्धा कर, आणि राज्याच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ विकत घेणे सक्तीचे. एका प्रांतात मीठ स्वस्त तर शेजारच्या प्रांतात कितीतरी पट महाग. म्हणून बायका लुगड्या-झग्यांत मीठ लपवून सीमा ओलांडत आणि सापडल्या तर शिक्षा भोगत. त्यात राजाने अमेरिकेच्या लढाईसाठी डोंगराएवढे कर्ज काढले.

१७८१ साली अर्थखाते सांभाळणाऱ्या नेकेरने एक अजब गोष्ट केली. राज्याचा जमाखर्च छापून विकायला ठेवला. असे फ्रान्समध्ये पूर्वी कधी झालेले नव्हते. हजारो प्रती हातोहात खपल्या. दरबारातल्या कोणाकोणाला पेन्शनी मिळतात, ते लोकांनी वाचले. खरे सांगायचे तर तो हिशेब नीट नव्हता. लढाईचा खर्च बाजूला ठेवून शिल्लक दाखवली होती. पण एकदा वही उघडली ती उघडलीच. तीन महिन्यांत नेकेरला पद सोडावे लागले.

१७८७ साली नवे प्रचंड कर्ज मंजूर करून घ्यायला राजा न्यायमंडळापुढे आला. मत न घेताच त्याने ठराव नोंदवायला सांगितला. त्याच्याच नात्यातला एक सरदार उठून म्हणाला, हे बेकायदा आहे. राजा म्हणाला, मला हवे आहे म्हणून ते कायदेशीर आहे. मैत्रिणींनो, गटाचे कर्ज घ्यायचे आणि सभासदांची मते न घेता अध्यक्षबाईंनी "माझी मर्जी" म्हणायचे, तसेच हे झाले.

१७८८ च्या जुलैत मोठी गारपीट झाली, पीक गेले, पुढच्या वर्षी पावाचा भाव चढला. पैसा उभा करायला राजाला १६१४ नंतर पहिल्यांदाच सभा बोलवावी लागली. गावागावाने आपल्या तक्रारी वह्यांत लिहून पाठवल्या. मग १४ जुलै १७८९ ला पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा किल्ला घेतला, आणि २६ ऑगस्टला सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यातली चौदावी आणि पंधरावी कलमे आमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची. कर का घेतला, कुठे गेला, हे बघण्याचा नागरिकांना हक्क आहे. आणि प्रत्येक सरकारी कारभाऱ्याकडून कामाचा हिशेब मागण्याचा समाजाला हक्क आहे.

राजा मात्र जाहीरनाम्याला मान्यता देईना. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका, मासळीवाल्या, भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या, भाकरीसाठी हजारोंनी निघाल्या. भर पावसात सुमारे वीस किलोमीटर चालून व्हर्सायला पोहोचल्या. त्याच संध्याकाळी राजाने जाहीरनामा मान्य केला. दुसऱ्या दिवशी वाड्यात झटापट झाली, पहारेकरी मारले गेले, आणि राजाला कुटुंबासह पॅरिसला यावे लागले. ज्या हिशेबाच्या हक्काची पंडितांनी वर्षानुवर्षे चर्चा केली, त्याला राजाची संमती आणली ती चिखलातून चालत गेलेल्या बायकांनी.

आणि त्या बायकांना काय मिळाले? मताचा हक्क नाही. ओलँप द गूज या लेखिकेने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. फाशीच्या चौथऱ्यावर बाई चढू शकते तर भाषणाच्या चौथऱ्यावर का नाही, असे तिचे विचारणे होते. १७९३ च्या जानेवारीत राजाचे डोके उडवले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बायकांच्या मंडळांवर बंदी आली. ३ नोव्हेंबरला ओलँपचेही डोके उडवले गेले. राजाला प्रश्न विचारून सत्तेवर आलेल्यांना स्वतःला कोणी प्रश्न विचारलेले चालेना. हजारो माणसे अशी मारली गेली. फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडले.

या विचारांची एक ठिणगी आपल्याकडेही आली. फ्रान्सच्या क्रांतीची बाजू घेऊन थॉमस पेन याने मानवाच्या हक्कांवर पुस्तक लिहिले होते. ते तरुण जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाचले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या. शेतकऱ्याकडून घेतलेला पैसा जातो कुठे, हे जोतीरावांनी पुढे इंग्रज सरकारलाही विचारले. प्रश्न तोच, पण तो विचारायला मुली आणि शूद्रातिशूद्रही शिकले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. पॅरिसच्या सभेला ते उमगले नव्हते.

आता आपल्या त्या गटाकडे परत येऊ. वही घेऊन आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. तिचे तीन हप्ते तिच्या पानावर लावून दाखवले, आणि आमचे चुकले, असे सांगितले. तिने पान दोनदा वाचले, चहा दिला. गटात मात्र ती अजून परत आलेली नाही.

त्या दिवसापासून आमच्या गटांत एक नियम केला आहे. बैठकीच्या शेवटी प्रत्येकीचे पान मोठ्याने वाचायचे, आणि वाचणारी दर महिन्याला वेगळी. जिला अक्षर येत नाही, तिच्या शेजारणीने बोट ठेवून दाखवायचे. वही लिहिणाऱ्या ताईला सुरुवातीला वाईट वाटले. आता तीच म्हणते, माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे करून बघा. कोणी "माझं पान दाखवा" म्हणाली, तर तिला विश्वासाचे विचारू नका. वही तिच्या हातात द्या.